चेसापीक आणि ओहायओ कालव्याची वाट

चेसापीक आणि ओहायओ कालव्याची वाट : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पोटोमॅक नदीच्या डाव्या काठाने जाणारी, मुळात खेचरांसाठी बांधलेली आणि आता मुख्यतः सायकलस्वार व पदयात्री वापरत असलेली माती-खडीची वाट. लांबी सुमारे २९७ किमी. वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन येथे सुरू होऊन ती मेरिलँड राज्यातील कंबरलँडला संपते. तेथून पुढे ग्रेट ॲलेगेनी पॅसेज ही जुन्या लोहमार्गांवर केलेली, सुमारे २४० किमी. लांबीची वाट ॲलेगेनीचे डोंगर ओलांडून पिट्सबर्गला जाते. सायकलस्वार या दोन्ही वाटा बहुधा एकच प्रवास म्हणून करतात.

कालव्यातील बोट काठावरून दोराने ओढण्यासाठी केलेल्या अशा वाटेला इंग्रजीत टोपाथ म्हणतात. ‘ग्रॅव्हल’, म्हणजे खडीची, हे विशेषण तिला कच्च्या वाटांवरील सायकलस्वारीमुळे अलीकडे लागले. ग्रॅव्हल सायकलिंगचा उगम कोठे धरावा, याबद्दल एकमत नाही. कॅन्ससमधील एम्पोरिया येथे २००६ मध्ये सुरू झालेल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीकडे काही जण बोट दाखवतात, तर काही जण इंग्लंडमध्ये १९५५ साली स्थापन झालेल्या ‘रफ-स्टफ फेलोशिप’पर्यंत मागे जातात. शर्यती बाजूला ठेवून केवळ कच्च्या वाटांवरील भटकंती विचारात घेतली, तर दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

पोटोमॅकमार्गे पश्चिमेकडे जलमार्ग न्यावा ही कल्पना जॉर्ज वॉशिंग्टनने उचलून धरली होती. त्याच्या पुढाकाराने १७८५ मध्ये निघालेल्या कंपनीने ग्रेट फॉल्ससारख्या धबधब्यांना वळसा घालणारे छोटे कालवे काढले. तिचे हक्क पुढे चेसापीक आणि ओहायओ कालवा कंपनीकडे गेले. नव्या कालव्याचा आरंभ ४ जुलै १८२८ हा मानण्याचा प्रघात आहे. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्सने पहिली कुदळ मारली. ती मुळाला अडखळली, तेव्हा त्याने कोट काढून पुन्हा मारली, असे सांगतात. प्रत्यक्ष कामाची कंत्राटे मात्र समारंभानंतर दिली गेली, त्यामुळे आरंभाची तारीख सैलपणेच घ्यावी. योगायोग असा, की त्याच दिवशी बॉल्टिमोर येथे बॉल्टिमोर आणि ओहायओ लोहमार्गाचाही पायाभरणी समारंभ झाला. पॉइंट ऑफ रॉक्स येथील डोंगर आणि नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरून दोन्ही कंपन्या न्यायालयात गेल्या. १८३२ मध्ये निकाल कालव्याच्या बाजूने लागला, परंतु लोहमार्ग १८४२ मध्येच कंबरलँडला पोहोचला आणि कालवा १८५० मध्ये. ओहायओ नदी तर कालव्याने कधीच गाठली नाही. ती नावापुरतीच राहिली.

या वाटेवर सायकल सहज चालते, याचे कारण कालव्याच्या रचनेत आहे. मुठा किंवा नीरेच्या कालव्याकाठच्या रस्त्याने सायकल हाकलेल्याला सिंचनाच्या कालव्याची सलग, मंद उतरंड ठाऊक असते. तेथे पाणी वाहते ठेवायचे असते. नौकानयनाच्या कालव्यात उलट पाणी जवळजवळ स्थिर हवे, नाहीतर प्रवाहाविरुद्ध ओढताना जनावरे थकतात. म्हणून हा कालवा सपाट टप्प्यांचा जिना आहे. एकूण चढ ६०५ फूट, म्हणजे सुमारे १८४ मी., आणि तो चढण्यासाठी ७४ जलपाश, म्हणजेच लॉक आहेत. एका जलपाशाची उचल सरासरी आठ फूट पडते. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेली दगडी कोठी: बोट आत घ्यायची, खालचे दार लावायचे, वरून पाणी सोडायचे आणि बोट वरच्या पातळीला आली की वरचे दार उघडायचे. वाटेलाही तीच चाल आहे. काही किलोमीटर अगदी सपाटी, मग जलपाशाशी छोटासा उंचवटा, पुन्हा सपाटी. गतकालीन जलपाश-रखवालदारांची घरे या उंचवट्यांपाशीच दिसतात.

पाणी झिरपू नये म्हणून कालव्याला मळलेल्या चिकणमातीचे अस्तर देत. प्रदेशात चुनखडक बराच असल्याने गळती ही कंपनीची कायमची डोकेदुखी होती. वाट कालवा आणि नदी यांच्यामधील बांधावरून जाते. हा बांधही चिकणमातीचाच असल्याने पावसानंतर चाके रुतवणारा चिखल होतो. अनेक भागांत अलीकडे दगडाचा बारीक चुरा दाबून नवा थर दिला आहे.

उपनद्या ओलांडण्यासाठी ११ दगडी जलसेतू बांधले. त्यांतील मोनॉकसीचा, सात कमानींचा व ५१६ फूट लांबीचा, सर्वांत मोठा असून त्याचे बांधकाम १८३३ मध्ये पुरे झाले. पॉ पॉ येथील बोगदा ३,११८ फूट म्हणजे सुमारे ९५० मी. लांब असून तो नदीची वेडीवाकडी वळणे वाचवतो. काम १८३६ मध्ये निघाले. दोन वर्षांत संपेल असा अंदाज होता. मजुरांमधील दंगे आणि पैशांची चणचण यांमुळे ते १८४२ मध्ये थांबले आणि १८५० मध्ये कसेबसे पुरे झाले. आत साठ लाखांच्या आसपास विटांचे अस्तर आहे. वाट अरुंद, काळोखी आणि लाकडी कठड्याची असल्याने तेथे सायकल हातात धरून चालणेच बरे.

कालवा कशाने बुडाला? लोहमार्गाने, हे सरधोपट उत्तर आहे. तथापि कालव्याची सर्वाधिक वाहतूक, मुख्यतः दगडी कोळशाची, १८७० च्या दशकात झाली, म्हणजे लोहमार्ग कंबरलँडला पोहोचल्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी. दुसरा पक्ष पुरांकडे बोट दाखवतो. १८८९ च्या पुरानंतर कालव्याचा ताबा प्रमुख रोखेधारक असलेल्या त्याच प्रतिस्पर्धी लोहमार्गाच्या हाती गेला. १९२४ च्या पुरानंतर त्याने तो नौकानयनासाठी दुरुस्त केला नाही. मधल्या काळात त्याने कालवा चालू ठेवला, तो ही काठाची पट्टी वेस्टर्न मेरिलँड या दुसऱ्या लोहमार्ग कंपनीच्या हाती जाऊ नये म्हणूनच, असे काही अभ्यासक मानतात. हे मत पटण्यासारखे आहे. पूर निमित्त झाले. दुरुस्ती न करण्याचा निर्णय हिशेबाचा होता.

१९३८ मध्ये संघराज्य सरकारने २० लाख डॉलरांना कालवा विकत घेतला. पुढे त्यावर मोटाररस्ता करण्याची योजना निघाली. तिला विरोध म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी मार्च १९५४ मध्ये कंबरलँडपासून वॉशिंग्टनपर्यंत पदयात्रा काढली, आणि योजनेची भलामण करणाऱ्या वृत्तपत्राच्या संपादकांनाही सोबत चालायला बोलावले. निघालेल्या ५८ जणांपैकी सर्व अंतर चालणारे डग्लस धरून नऊच. रस्ता बारगळला आणि १९७१ मध्ये कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला.

कंबरलँडपलीकडील ग्रेट ॲलेगेनी पॅसेजचा पहिला भाग १९८६ मध्ये ओहायओपाइलच्या जंगलात खुला झाला आणि २०१३ मध्ये वाट पिट्सबर्गपर्यंत पूर्ण झाली. डोंगरातील तिचा मोठा भाग वेस्टर्न मेरिलँड लोहमार्गाच्याच सोडलेल्या पट्टीवर आहे. ज्या कंपनीला काठ मिळू नये म्हणून कालवा राखला, तिच्याच रुळांच्या जागेवरून आज कालव्याची वाट पिट्सबर्ग येथील ओहायओ नदीच्या उगमसंगमापर्यंत जाते. कंबरलँडहून जलविभाजकाची, समुद्रसपाटीपासून २,३९२ फुटांची उंची सुमारे ३८ किमी. अंतरात गाठावी लागते. चढ जेमतेम दीड टक्का, पण सलग आहे. पिट्सबर्गकडून तीच उंची २०० किमी. अंतरात येत असल्याने बरेच जण पिट्सबर्गहून निघणे पसंत करतात.

पॅसेजवरचा दाबलेला चुनखडीचा चुरा पाण्याचा निचरा चांगला करतो. कालव्याकाठी मात्र ३५ मिमी. पेक्षा रुंद टायर असावेत. बिग स्लॅकवॉटर येथे कड्यालगतची वाट पुरांत वाहून गेल्याने अनेक वर्षे वळसा घ्यावा लागे. २०१२ मध्ये तेथे काँक्रीटचा मार्ग झाला. कालव्याच्या काठी तंबूंसाठी मोकळ्या जागा व हातपंप आहेत. हिवाळ्यात पंपांचे दांडे काढून ठेवतात, आणि पॅसेजवरील बिग सॅव्हेज बोगद्याची दारेही वसंत ऋतूपर्यंत बंद असतात.