ल्युकेमिया-उपचारातील मज्जासंस्थेचे विकार (मुलांमधील)

तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावरील औषधे व किरणोपचार यांमुळे मुलांच्या मेंदूवर, मेरुरज्जूवर किंवा नसांवर होणारे दुष्परिणाम. शिरेतून दिलेली बहुतेक औषधे मेंदूच्या आवरणांपर्यंत पुरेशी पोचत नाहीत व रोग तेथे दडून राहतो. म्हणून मेथोट्रेक्सेट हे औषध कमरेतून मेरुद्रवात (मेंदू व मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात) देतात. पालकांच्या बोलण्यात ही ‘पाठीतली सुई’.

१९६० च्या दशकात मेंफिस येथे डोनाल्ड पिंकेल यांच्या गटाने डोक्याला २४ ग्रे (किरणमात्रेचे एकक) किरणोत्सर्ग देण्याची पद्धत रुळवली. मुले वाचू लागली. मात्र पुढे शाळेत मागे पडू लागली. मात्रा १८, मग १२ ग्रेवर आली आणि आता बहुतेक मुलांना किरण देतच नाहीत. हानीत किरणांचा वाटा किती व मेथोट्रेक्सेटचा किती, याविषयी मतभेद आहेत. लहान वयातील किरणोत्सर्ग अधिक घातक हे मत सयुक्तिक वाटते. तथापि नुसत्या मेथोट्रेक्सेटनेही मेंदूतील श्वेतद्रव्याची (मज्जातंतूंच्या जोडण्यांच्या भागाची) हानी आढळते.

पाठीतल्या सुईनंतर साधारण २ ते १४ दिवसांत एखाद्या मुलाची एक बाजू अचानक लुळी पडते, वाचा बसते; काही तासांनी दुसरीच बाजू लुळी दिसते. बहुतेक मुले काही दिवसांत सावरतात. कारण म्हणून शरीरात वाढलेले होमोसिस्टीन व ॲडेनोसिन या रसायनांकडे बोट दाखवले जाते. त्यावरून डेक्स्ट्रोमेथॉर्फन (खोकल्याच्या औषधातले तेच) व ॲमिनोफायलिन वापरतात, पण आधार छोट्या रुग्णमालिकांचाच. विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार बराच आढळतो व त्यातही मुलांना पक्षाघात होतो. तेव्हा नागपुरात निदान करताना तोही ध्यानात घ्यावा लागतो.

व्हिन्क्रिस्टीन या ल्युकेमियावरील दुसऱ्या औषधाचा परिणाम पायांवर दिसतो. ‘पोरगा पाय घासत चालून राहिला’, असे आई सांगते. चप्पल निसटते, पुढच्या टोकाला झिजते. जबडा दुखतो, शौचास होत नाही. इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही बुरशीविरोधी औषधे सोबत असल्यास त्रास वाढतो. व्हिन्क्रिस्टीन चुकून मेरुद्रवात गेल्यास बहुधा प्राणघातक ठरते.

ॲस्परॅजिनेज या ल्युकेमियावरील आणखी एका औषधामुळे मेंदूच्या शिरांत गुठळी होऊ शकते. डोकेदुखी व झटके ही लक्षणे. शरीरातील पाणी कमी झाल्यास धोका वाढतो. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, एस.टी.ने नागपूर गाठणाऱ्या मुलांबाबत हे विसरता येत नाही.