लाल चिंचोके आणि हवेतला कार्बन

श्वसनातून, कुजण्यातून आणि समुद्रातून दरवर्षी हवेत येणाऱ्या कार्बनच्या तुलनेत कोळसा, तेल आणि वायू जाळून येणारा कार्बन जेमतेम पाच टक्के भरतो. हा आकडा खरा आहे. परंतु त्यावरून ‘मग माणसाचा दोष तो केवढा’ असा जो निष्कर्ष समाजमाध्यमांवर फिरतो, तो साफ चुकीचा आहे. नववीच्या एका विद्यार्थिनीने मला हाच प्रश्न विचारला, तेव्हा कार्बन चक्राची आकृती कामाला आली नाही, कारण तिच्यातले सगळे बाण सारख्याच जाडीचे होते आणि कोणत्या बाणातून किती कार्बन जातो याचा पत्ता लागत नव्हता. तेव्हापासून मी हा विषय चिंचोक्यांच्या खेळाने शिकवतो.

एक चिंचोका म्हणजे 1000 कोटी टन कार्बन आणि एक फेरी म्हणजे एक वर्ष. ‘हवा’ या टोपलीत 60 चिंचोके ठेवायचे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेतला साठा जवळपास तेवढाच होता. ‘झाडे व माती’ या टोपलीत 215 आणि ‘समुद्राचा वरचा थर’ या टोपलीत 90 ठेवायचे. खोल समुद्राला 3700 लागतील, म्हणून तो आकडा फळ्यावरच लिहायचा. दर फेरीला एकाने डोळे मिटून हवेतले 12 चिंचोके झाडांकडे आणि 8 समुद्राकडे न्यायचे, दुसऱ्याने तसेच डोळे मिटून तेवढेच परत आणायचे. साठ्यातले 20 जातात आणि 20 येतात, म्हणजे एका चिंचोक्याचा हवेतला सरासरी मुक्काम 60 भागिले 20, तीन वर्षांचा.

झाडांकडून काही परत येते हेच अनेक मुलांना पटत नाही. झाडाने घेतलेल्या कार्बनपैकी सुमारे निम्मा ते स्वतःच्या श्वसनातून परत सोडते, तेही दिवसरात्र. पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो, ही समजूत शिक्षकांच्या तोंडूनही ऐकू येते आणि त्याचे मला वाईट वाटते; प्रकाशसंश्लेषणातला ऑक्सिजन पाण्याच्या विघटनातून येतो आणि त्यासाठी प्रकाश लागतो, पिंपळालाही लागतो.

यानंतर हवेच्या टोपलीत 30 लाल रंगवलेले चिंचोके टाकायचे. हा जमिनीखालून काढलेला कार्बन. आता एकूण 90 झाले, आणि आजच्या हवेतला साठाही साधारण एवढाच आहे. देवघेव पूर्वीप्रमाणेच 20 ची ठेवायची. पाच फेऱ्यांनंतर हवेत 11 च्या आसपास लाल चिंचोके उरतात, दहा फेऱ्यांनंतर आठेक. मुले आनंदाने सांगतात की प्रदूषण निघून गेले. मग टोपलीतले सगळे चिंचोके मोजायला लावायचे: ते 90 च भरतात. लाल गेले, त्यांच्या जागी साधे आले. एखाद्या कणाचा मुक्काम किती आणि वाढलेला साठा ओसरायला लागणारा काळ किती, हे दोन पूर्णपणे वेगळे प्रश्न आहेत.

निसर्गात असा प्रयोग नकळत घडूनही गेला आहे. अणुचाचण्यांमुळे उत्तर गोलार्धाच्या हवेतला कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, साठच्या दशकाच्या सुरुवातीला जवळपास दुप्पट झाला होता. 1963 च्या अणुचाचणी बंदी करारानंतर बहुतेक वातावरणीय चाचण्या थांबल्या आणि ही वाढ दहा-बारा वर्षांत निम्म्यावर आली, कारण ते अणू झाडांत आणि समुद्रात वाटले गेले. त्याच काळात, 1963 ते 1974 मध्ये, हवाईमधील मौना लोआ येथे मोजलेला एकूण कार्बन डायऑक्साइड मात्र दशलक्ष भागांत 319 वरून 330 भागांवर गेला.

मग वाढलेला साठा खरोखर कोण कमी करतो? झाडे आणि समुद्र परत देतात त्यापेक्षा किंचित जास्त घेतात, म्हणून खेळाच्या पुढच्या भागात दर फेरीला एक लाल चिंचोका टाकायचा आणि दर दोन फेऱ्यांनी परत येणाऱ्यांतला एक कमी करायचा. समुद्राला याहून घाई करता येत नाही. विरघळलेल्या वायूची समुद्रातल्या कार्बोनेट आयनांशी अभिक्रिया होऊन बायकार्बोनेट बनते, परंतु कार्बोनेटचा साठा तुटपुंजा असतो. त्यामुळे हवेतला वायू दहा टक्के वाढला तरी वरच्या थरातला विरघळलेला कार्बन सुमारे एकच टक्का वाढतो, आणि तो थर खोल पाण्यात मिसळायला शतके लागतात.

2007 मध्ये जॉन स्टर्मन आणि लिंडा बूथ स्वीनी यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या याच आकलनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्सर्जन वाढायचे थांबले की साठाही वाढायचा थांबेल, अशी त्यांतल्या बहुतेकांची समजूत होती. चिंचोके मोजणाऱ्या मुलाला ही चूक तिसऱ्या-चौथ्या फेरीतच दिसते, कारण दर फेरीला एकच चिंचोका, म्हणजे येणाऱ्या 20 च्या तुलनेत जेमतेम पाच टक्के, टाकूनही टोपली भरत जाते. संगणकावरच्या प्रतिरूपांना माझा विरोध नाही, पण ती या मोजणीनंतर दाखवावीत. पडद्यावर आलेख आयता मिळतो आणि बेरीज-वजाबाकी नजरेआड होते.

खेळाला दोन तासिका पुरतात. चिंचोके आदल्या दिवशी रंगवून वाळवावेत, नाहीतर ते एकमेकांना चिकटतात. लाल चिंचोके एकाने आणि एकूण चिंचोके दुसऱ्याने मोजावेत, आणि दोन्ही आकड्यांच्या रेघा दर फेरीनंतर फळ्यावर एकाच आलेखात काढत जाव्यात.