चाळीतील खोलीची घरमांडणी

मुंबईतल्या चाळीत एका खोलीत पाच-सात माणसांचा संसार मांडण्याची रीत. स्वयंपाक, जेवण, अंघोळ, मुलांचा अभ्यास, पाहुणे, आजारपण आणि झोप हे सगळे साधारण १०० ते १६० चौरस फुटांत, फारसा पैसा न घालता कसे बसवायचे, याचे कुठेही न लिहिलेले नियम चाळकरी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवले. गिरगाव, लालबाग, परळ, नायगाव, वरळी हे तिचे मुख्य प्रदेश. सोलापूरच्या गिरणी वस्त्यांतही ती थोड्याफार फरकाने आढळते. या मांडणीचा पाया जागेवर कमी आणि घड्याळावर जास्त आहे. हे लक्षात घेतले नाही, तर चाळीची खोली म्हणजे नुसती दाटीवाटी वाटते.

पार्श्वभूमी

मुंबईत १८५०च्या दशकात कापड गिरण्या निघाल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसे येऊ लागली. त्यांच्यासाठी खासगी मालकांनी आणि काही गिरण्यांनी चाळी बांधल्या. १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्यातून बी. आय. टी. चाळी आल्या. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून काँक्रीटच्या २०७ इमारती उभारल्या. या बीडीडी चाळींत एका इमारतीला ८० खोल्या आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. खासगी चाळीत ‘दहा बाय दहा’, ‘दहा बाय बारा’ ही मापे घरोघरी तोंडपाठ असत. संडास मजल्याच्या टोकाला, सामायिक.

१९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. मग भाडेकरू खोली सोडेना आणि मालक दुरुस्तीला पैसा काढेना. मुलांची लग्ने झाली, नातवंडे आली, खोली तेवढीच राहिली. भिंत सरकवणे कुणाच्याच हातात नव्हते, त्यामुळे सगळी कल्पकता भिंतीच्या आत खर्च झाली.

त्याआधीचा एक टप्पा सहसा विसरला जातो. सुरुवातीच्या बऱ्याच खोल्या कुटुंबांच्या नव्हत्याच. एका गावचे गडी मिळून खोली घेत. दिवसपाळीवाले कामावर गेले की रातपाळीवाले त्याच जागी आडवे होत. प्रत्येकाच्या वाट्याला एक ट्रंक, एक खुंटी आणि एक वळकटी. धोबीतलाव, माझगाव भागातल्या गोवेकरांच्या कुडींमध्येही, म्हणजे एकेका गावच्या लोकांच्या सामायिक बिऱ्हाडांतही, हाच प्रकार होता : भिंतीलगत पेट्यांची रांग, रात्री त्यांच्यासमोर अंथरुणे. पुढे बायका-मुले मुंबईत आली तेव्हा पाळ्यांचा हा हिशेब मोडला नाही, तो फक्त घरगुती झाला.

वेळेप्रमाणे बदलणारी खोली

चाळीतला दिवस पाण्याने सुरू होतो. नळ पहाटे येतो आणि तासा-दोन तासांत जातो, म्हणून पिंप, हंडे, कळश्या भरण्याच्या आत बाकी कुणी हलायचे नाही. मोरी हा खोलीचा एक कोपरा, वीतभर उंच कठड्याने वेगळा केलेला. पाणी भरून झाले की तिथे अंघोळी, अंघोळी झाल्या की धुणे, दुपारी भांडी आणि एरवी भरलेल्या पिंपांचा मुक्काम. मोरीला दार नसते, पडदा असतो. बायकांच्या अंघोळीच्या वेळी पुरुषांनी गॅलरीत जाऊन पेपर वाचायचा, हे कुणाला सांगावे लागत नाही.

अंथरुणे उचलणे हे दिवसाचे पहिले मोठे काम. सतरंज्या, गोधड्या, उशा यांची घडी ट्रंकेवर किंवा कॉटच्या डोक्याशी रचायची, वर स्वच्छ चादर टाकायची. आलेल्या पाहुण्याला बसायला ती जागा होते. जिथे रात्री चार माणसे झोपली, तिथेच सकाळी पाट मांडून मुलांची जेवणे उरकतात, दुपारी तिथेच तांदूळ निवडले जातात, संध्याकाळी मुले अभ्यासाला बसतात आणि घरातला मोठा माणूस कामावरून आला की त्यांना दप्तरे गोळा करावी लागतात. रात्री जेवणे दोन पंगतींत. मग पुन्हा अंथरुणे. आजोबा कॉटवर, बायका-मुले खाली, तरणी पोरे गॅलरीत किंवा गच्चीवर. घरात नवे लग्न झाले की मध्ये पडदा येतो, नाहीतर जोडप्याला पोटमाळा मिळतो.

यातून एक नियम आपोआप निघतो : जमिनीवर कायमचे काही ठेवायचे नाही. जेवणाचे टेबल चाळीत आले नाही ते केवळ पैशाअभावी नव्हे. चार खुर्च्यांचे टेबल दिवसाचे दोन तास उपयोगी पडते आणि उरलेले बावीस तास वाट अडवते. घडीची लोखंडी खुर्ची मात्र घरोघरी होती, खिळ्याला टांगलेली.

चाळीच्या आठवणी लिहिणारे लोक या उठाठेवीला फार गोड करून टाकतात. रोज चार-पाच वेळा अख्खी खोली उचलून पुन्हा मांडायची, हे काम कुणीतरी करत होते, आणि ते बहुतेक घरांत एकाच बाईच्या अंगावर होते. त्यात खानावळ असेल तर विचारायलाच नको. गिरणगावात बाहेरच्या कामगारांना डबे देणाऱ्या खानावळवाल्या बायका याच खोलीत दहा-बारा जणांचा जास्तीचा स्वयंपाक करत. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी स्थापलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने त्यांना कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली, तोपर्यंत त्या कष्टाचा हिशेबही कुणी मांडला नव्हता.

भिंत, फळी आणि माळा

जमीन मोकळी ठेवायची म्हणजे सामान भिंतीवर चढणार. दाराच्या चौकटीच्या उंचीवर खोलीभर फिरणारी लाकडी फळी ही चाळीची खूण म्हणता येईल. लोखंडी ब्रॅकेटवर टेकवलेल्या या फळीवर सणासुदीची पितळी भांडी, मोठे डबे आणि लग्नात आलेले हंडे बसतात, कारण ते वर्षातून दोन-चारदाच उतरवायचे असतात. रोजच्या डाळ-तांदळाचे डबे हाताशी, मीठ-मिरची चुलीशी. स्टोव्ह गेला, गॅस आला, बसून करायचा स्वयंपाक कडप्प्याच्या ओट्यावर उभ्याने होऊ लागला, तरी हा क्रम बदलला नाही. ओट्याखाली सिलिंडर आणि पिठाचा डबा गेला, एवढेच.

ताटे-वाट्यांसाठी मांडणी असते. पूर्वी ती लाकडी होती, नंतर स्टीलच्या पट्ट्यांची, भिंतीला ठोकलेली. ताटे उभी, वाट्या ओळीने, पेले उपडे, चमचे बाजूच्या डब्यात. भांडी घासून थेट मांडणीवर लावायची म्हणजे पुसायला वेगळी जागा लागत नाही, पाणी तिथेच निथळते. स्वयंपाकघराच्या महागड्या रचनेत आज जे ताटाळे बसवतात, त्याचे काम या दोन-चारशे रुपयांच्या मांडणीने अनेक वर्षे चोख केले.

फळीवर वर्तमानपत्र अंथरून त्याची पुढची कड कात्रीने नक्षीदार कापून खाली सोडायची, ही सर्वांत स्वस्त झालर. मळली की नवा पेपर. कपड्यांसाठी छताला दोऱ्यांनी आडवी दांडी टांगलेली असते आणि काठीने वरच्या वर कपडे वाळत घातले जातात. खाली माणसे वावरतात, वर धोतर-साड्या वाळतात. पावसाळ्यात याला पर्याय नसतो.

कॉटखालची जागा हा स्वतंत्र विषय आहे. लोखंडी कॉटच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा दिल्या की खाली अर्धा फूट उंची वाढते. तेवढ्यात ट्रंका मावतात, कांदे-बटाट्याची टोपली मावते, जुन्या पुस्तकांचे गठ्ठे मावतात. समोरून जुन्या साडीची झालर सोडली की सगळे झाकले जाते. या अंधाराची किंमतही मोजावी लागे. ढेकूण कॉटच्या सांध्यांत आणि ट्रंकेमागे घर करत, आणि मग एखाद्या रविवारी कॉट गॅलरीत काढून तिच्यावर उकळते पाणी ओतण्याचा कार्यक्रम होई.

ज्या जुन्या लाकडी चाळींत छत उंच होते, तिथे पोटमाळा काढला जाई. शिडीने वर जायचे, वर नीट उभे राहता येत नाही. अडगळ, पापड-लोणच्याच्या बरण्या आणि परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा, तिघांचीही सोय तिथे होते. शेवटच्या मजल्यावर कौलांखाली उन्हाळ्यात तो तापतो. लाकडी चाळीत आगीची भीतीही असे, म्हणून जाणती बाई रॉकेलचा डबा माळ्यावर चढवू देत नसे.

गॅलरी कुणा एकाची नव्हती आणि तरी प्रत्येकाच्या दारापुढचा तुकडा त्याचाच होता. चपला, तुळशीचा डबा, पुढच्या काळात पाण्याचे निळे ड्रम तिथे बसले. भांडणे बहुतेक या ड्रमांवरूनच होत.

वस्तूंचे फिरणे

कमी पैशात घर चालण्याचे खरे गमक विकत घेण्यात नव्हते, वस्तू फिरवण्यात होते. साडी आधी बाहेर नेसायची, मग घरात. विरली की तिचा पडदा किंवा कॉटची झालर. त्यानंतर चार-पाच साड्या एकावर एक घालून धावदोऱ्याने गोधडी. गोधडी फाटली की तिचे पायपुसणे, शेवटी मोरी पुसायचे फडके. गिरणीतल्या कामगाराला गिरणीच्या दुकानातून स्वस्तात कटपीस मिळे, त्यामुळे गिरणगावात उशांचे अभ्रे आणि शेजारच्या तीन घरांचे पडदे एकाच छापाचे दिसत.

जे कापड घरात खपत नसे ते बोहारणीकडे जाई. मूळच्या गुजरातच्या वाघरी, म्हणजे देवीपूजक, समाजातल्या या बायका डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन दुपारच्या वेळी चाळीत येत. जुने कपडे द्यायचे आणि पातेले, डबा किंवा तसराळे घ्यायचे. जरीच्या साडीला भाव जास्त, फाटक्या सुती लुगड्याला जवळजवळ नाहीच. घासाघीस तासभर चाले आणि पंच म्हणून शेजारणीही मध्ये बोलत. रोख पैसा हातात नसलेल्या बाईला घरात नवे भांडे आणण्याची ही एकमेव वाट बऱ्याचदा असे, आणि त्यासाठी नवऱ्याला विचारावे लागत नसे.

मोठ्या खरेदीसाठी भिशी होती आणि दिवाळीचा बोनस होता. पितळेच्या भांड्यांना कल्हई लागते, स्टीलला लागत नाही. हा फरक कळल्यावर पितळ मोडीत घालून घराघरांत स्टील आले. प्रत्येक भांड्यावर नाव कोरून घेण्यामागे हौस होतीच, पण एक व्यवहारही होता. चाळीत भांडी वाटीभर साखरेपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत शेजारी जात, आणि नाव असले की परत येत. ज्याची ऐपत झाली त्याने गोदरेजचे कपाट घेतले. त्याच्या आरशाने खोली मोठी दिसते असे लोक सांगत, ते खरेही होते.

डबे कधीच टाकले जात नसत. १९३७मध्ये बाजारात आलेल्या डालड्याचा पिवळा डबा रिकामा झाल्यावर धान्य भरायला, तुळस लावायला आणि मजल्याच्या टोकाच्या संडासात पाणी न्यायला वापरला जाई. अर्थात तिन्ही कामांना डबे वेगवेगळे.

सजावट

दिवाळीआधी रंग काढणे हा वर्षातला मोठा उपक्रम. चुन्यात थोडी नीळ घालून वरची भिंत पांढरी करायची आणि खाली कमरेपर्यंत तेली रंगाचा पट्टा द्यायचा. पाठ टेकून बसलेल्या माणसांच्या केसांचे तेल चुन्यावर डाग पाडते, तेली रंग ओल्या फडक्याने पुसता येतो. या पट्ट्याचा रंग बहुधा हिरवा किंवा आकाशी असे.

भिंतीवर वरच्या बाजूला, किंचित पुढे झुकवून लावलेल्या तसबिरी असत : विठ्ठल-रखुमाई, शिवाजी महाराज, बाबासाहेब आंबेडकर, गेलेले आजोबा. कोणत्या घरात कोणती तसबीर मध्यभागी आहे, त्यावरून घराची ओळख पटे. १९७३पासून कालनिर्णय आले आणि दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा नंबर सगळे त्याच्या चौकटींत लिहिले जाऊ लागले. दाराला मण्यांचे तोरण, पाण्याच्या माठावर क्रोशाचा रुमाल, रेडिओलाही तसाच. शोकेसमधल्या काचेच्या टी-सेटमधून कुणी चहा प्यायल्याचे ऐकिवात नाही.

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. पुढच्या दशकात टीव्ही खोलीत शिरला आणि बसण्याची दिशाच बदलली. कॉट, शोकेस, देव्हारा सगळे त्याच्या सोयीने सरकले.

गणपतीत मात्र सगळे नियम बाजूला पडत. कॉट शेजाऱ्याकडे, ट्रंका माळ्यावर आणि अर्धी खोली मखराला. साड्यांच्या चुण्या, जिलेटीन, रंगीत कागद यांची आरास पुढे थर्माकोलने मागे टाकली. २०१८मध्ये राज्याने थर्माकोलवर बंदी आणल्यावर पुठ्ठा, कापड पुन्हा आले. दिवाळीचा कंदील गॅलरीत बसून बांबूच्या काड्या, पतंगी कागद आणि पिठाची खळ यांतून होई. बऱ्याच चाळींत सगळ्या दारांवर एकाच रंगाचे कंदील लागत.

बदल

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि चाळींच्या जागी मनोरे आले. गिरणी कामगारांच्या वाट्याला आलेली अनेक घरे २२५ चौरस फुटांची आहेत. त्यांत संडास आणि न्हाणीघर घरात आले, ही सर्वांत मोठी सोय, आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. वरळीच्या बीडीडी पुनर्विकासात ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या.

नव्या घरात पहिली खरेदी बहुधा डबलबेडची होते. सहा बाय साडेसहाचा बेड एकटाच ३९ चौरस फूट अडवतो, म्हणजे बीडीडीच्या जुन्या खोलीचा जवळजवळ पाव हिस्सा, तोही दिवसभर. म्हणून लहान सदनिकांत खाली कप्पे असलेला दिवाण, सोफा-कम-बेड आणि भिंतीला दुमडणारे टेबल खपतात. नवे परवडत नसेल तर ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात शोधायचे. न्हाणीघरावरच्या माळ्यावर मखराचे सामान आणि जास्तीच्या गाद्या जातात. बोहारणीला सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन आत सोडत नाही. साड्या कपाटात साठत राहतात, आणि गोधडी शिवायची असेल तर ती शिलाई देऊन बाहेरून करून घ्यावी लागते.