सोशल वॉल

(समाजमाध्यम भिंत). संमेलन, महोत्सव, लग्नसमारंभ किंवा क्रीडासामना चालू असताना उपस्थितांनी समाजमाध्यमांवर टाकलेला मजकूर व छायाचित्रे एकत्र करून मोठ्या पडद्यावर सर्वांना दाखविण्याची व्यवस्था. फेसबुकवरील ‘वॉल’ (२००४) हिच्याहून वेगळी. ती एका सदस्याच्या पानाचा भाग होती. एका जागी जमलेल्या लोकांशी तिचा संबंध नव्हता.

उगमाबाबत मतभेद आहेत. नामसाम्यावरून काही जण तो फेसबुकपाशी नेतात, पण या मताला नावापलीकडे फारसा आधार दिसत नाही. दुसरे मत इंटरनेट रिले चॅटकडे बोट दाखवते. फिनलंडमधील औलू येथे १९८८ मध्ये यार्क्को ओइकारिनेन यांनी ही संदेशप्रणाली तयार केली. पुढे तांत्रिक परिषदांतले श्रोते व्याख्यान चालू असतानाच तिच्यावर आपसांत बोलू लागले. तिसरे मत हा उगम अमेरिकेतील ऑस्टिन येथे मार्च २००७ मध्ये झालेल्या ‘साउथ बाय साउथवेस्ट’ महोत्सवात शोधते. तेथे ट्विटरने येण्याजाण्याच्या मार्गिकांत मोठे पडदे लावून त्यांवर फक्त ट्विट दाखवली. त्या काळात रोजच्या ट्विटची संख्या सुमारे २० हजारांवरून ६० हजारांवर गेल्याचे सांगितले जाते. वाढीचे सगळे श्रेय पडद्यांना देता येणार नाही, परंतु आपले वाक्य चारचौघांत झळकते आहे हे पाहून दुसऱ्यालाही लिहावेसे वाटते, हा अनुभव तेथे ठळकपणे आला. श्रोत्यांनी आपसांत बोलण्याची सवय जुनी आणि भिंतीचे रूप ऑस्टिनचे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

या पडद्यांच्या वेळी हॅशटॅग रूढ नव्हता. ‘#’ हे चिन्ह ट्विटरवर गटांसाठी वापरावे, ही सूचना क्रिस मेसिना यांनी २३ ऑगस्ट २००७ रोजी केली; इंटरनेट रिले चॅटमधील कट्ट्यांच्या (चॅनेलच्या) नावांआधी ते आधीपासून लागत असे. भिंतीवर काय येईल हे पुढे मुख्यतः या खुणेवर ठरू लागले.

देवनागरी हॅशटॅगला येथे खास अडचण येते. मात्रा, अनुस्वार व हलन्त यांना युनिकोडमध्ये (संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण संकेतपद्धतीत) स्वतंत्र संकेतांक असतात. प्रणालीने त्यांना शब्दाचा भाग मानले नाही, तर ‘#मराठी’ हा टॅग ‘#मर’ येथेच तुटतो. दुसरी अडचण खास मराठीची. ‘#शेतकऱ्यांसाठी’ यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकित होतो : नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साधा ‘र’, हलन्त व शून्यरुंदीचा जोडक (अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह) वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. दोन्हींची सांगड घातलेली नसेल, तर काही लोकांचे लिखाण भिंतीवर येतच नाही आणि ते का आले नाही हे त्यांना कळतही नाही. आयोजकांनी टॅग ठरवताना ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ टाळलेले बरे.

पडदा कोठे आहे याला मोठे महत्त्व आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘वेब २.० एक्स्पो’त समाजमाध्यमांच्या अभ्यासक डॅना बॉइड बोलत असताना श्रोत्यांचे ट्विट त्यांच्या पाठीमागे झळकत होते. टीका आणि थट्टा वाढत गेली. सभागृह हसत होते, पण कशाला हे बॉइड यांना दिसत नव्हते. पुढे त्यांनी स्वतःच हा अनुभव लिहिला. वक्त्यालाही भिंत दिसली पाहिजे आणि मजकूर झळकण्याआधी कोणीतरी तो वाचला पाहिजे, या दोन्ही गोष्टी त्यावरून पटतात. तसे नसेल, तर भिंत माणसे जोडत नाही. एकट्या माणसाला घेरते.

महाराष्ट्रातील चौकांतले वार्ताफलक व महाविद्यालयांतील भित्तिपत्रके यांच्याशी हिचे उगमाचे नाते जोडता येत नाही, परंतु उभ्याने वाचावे आणि शेजारच्याशी त्यावर बोलावे, हा व्यवहार तोच आहे. भित्तिपत्रकाला संपादक असे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

इन्स्टाग्रामने २०१८ पासून आणि ट्विटरने २०२३ मध्ये बाहेरच्या प्रणालींना मजकूर देण्यावर निर्बंध आणले. त्यामुळे क्यूआर कोड स्कॅन करून छायाचित्र वा शुभेच्छा थेट पडद्याकडे पाठविण्याची पद्धतही वापरात आहे. तिला समाजमाध्यमावरचे खाते लागत नाही. लग्नात आजीनेही नातवाच्या फोनवरून दोन ओळी पाठवाव्यात, एवढी ती सोपी आहे.