हिट रेट 90 टक्के असला म्हणून काय झालं?

फोन स्लो झाला की कुणीतरी सांगतंच, कॅश क्लिअर कर, आणि त्यासाठी जाहिरातींनी भरलेली क्लीनर ॲप्स पण लोक टाकतात. अरे पण कॅश म्हणजे एकदा काढलेलं उत्तर परत वापरायला ठेवायची जागा, ती असते वेळ वाचवायलाच! ते बघायचं असेल तर ग्नू बॅकगॅमनसारखं, बॅकगॅमन हा पटावरचा खेळ खेळणारं फुकट सॉफ्टवेअर घ्या, कोड पण उघडा आहे.

बॅकगॅमन म्हणजे 24 घरं, दोघांच्या 15-15 सोंगट्या आणि दोन फासे. फाशांची दानं 36, पण 3-1 आणि 1-3 एकच धरलं तर 21 उरतात. दोन दानं पुढचं बघायचं तर 21 गुणिले 21, म्हणजे 441 फांद्या, आणि प्रत्येक फांदीवर खेळता येण्यासारख्या चाली कितीतरी. त्यातली प्रत्येक पोझिशन (पटावरची सोंगट्यांची मांडणी) न्यूरल नेटवर्ककडे, म्हणजे ती जोखणाऱ्या गणिताच्या जाळ्याकडे जाते, तिथे 250 इनपुट आणि मधल्या थरात 128 नोड, म्हणजे नुसते पहिल्या थराचेच 32,000 गुणाकार. बदल्यात मिळतात पाच आकडे: जिंकायची शक्यता, आणि गॅमन (दुप्पट जीत) किंवा बॅकगॅमनने (तिप्पट जीत) जिंकायची-हरायची.

आता गंमत अशी की वेगवेगळ्या वाटेने फिरून तीच पोझिशन परत परत येते, मग एकदा सोडवलेलं गणित वहीच्या कडेला लिहून ठेवावं तसं उत्तर कॅशमध्ये ठेवायचं. पोझिशनवरून हॅश, म्हणजे खणाचा नंबर देणारा आकडा, काढायचा, तो सांगेल त्या खणात बघायचं, पूर्ण पोझिशन जुळली तर हिट, नाहीतर मिस; शंभरात किती हिट तो हिट रेट. खणात जागा दोनच, नवीन पुढे बसते, पुढची मागे सरकते आणि मागची बाहेर जाते. मागच्या जागेवर हिट मिळाला तर तीच पुढे येते, म्हणजे जी लागते ती टिकते. किती साधं आणि किती हुशार!

मोजायला गेलं की मात्र भानगड सुरू होते. रोलआउटमध्ये, म्हणजे एकाच पोझिशनपासून पुढे पुष्कळ डाव खेळवून सरासरी काढतात त्यात, बहुतेक जण 1296 डाव घेतात, कारण 36 गुणिले 36, पहिल्या दोन दानांची प्रत्येक जोडी बरोबर एकदा. म्हणजे पहिल्या दानानंतरची तीच पोझिशन निदान 36 डावांत येणार, हिटच हिट, पण तिसऱ्या दानापासून डाव फुटत जातात आणि हिट कमी होतात. म्हणून डाव शेवटपर्यंत न खेळता लवकर तोडलेल्या रोलआउटवर कॅश मोजली तर हिट रेट झकास दिसतो, खरं चित्र नाही.

आणि हिट रेट म्हणजे वेळ नव्हे. कॅश मोठी केली की हिट वाढतात, पण कॅशचं टेबल प्रोसेसरच्या एल-3 या आतल्या वेगवान मेमरीत मावत नाही, मग शोधायला रॅमपर्यंत जायचं, साधारण 100 नॅनोसेकंद, आणि मिस झाला तर तो वेळही गेला आणि गणितही करायचंच. मोठ्या नेटवर्कला हे परवडतं. चाली चाळायला जी छोटी नेटवर्क असतात त्यांचं गणितच इतकं झटपट होतं की कॅशचा फायदा फारसा उरत नाही.

मोजताना दर वेळी कॅश रिकामी करून सुरुवात करायची आणि फाशांचा सीड (ज्या आकड्यावरून सॉफ्टवेअर दानं काढतं तो) तोच ठेवायचा, नाहीतर डावच वेगळे पडतात. (सॉफ्टवेअर फासे चोरतं म्हणणारे भेटतातच. 1979 मध्ये माँटे कार्लोला बीकेजी 9.8 या प्रोग्रामने बॅकगॅमनच्या जगज्जेत्या लुइजी विलाला 7-1 हरवलं तेव्हा प्रोग्राम लिहिणाऱ्या हान्स बर्लिनरनेच दानं आपल्या बाजूने पडल्याचं मान्य केलं होतं, चोरी वगैरे काही नाही.)

आणि वेगाच्या आधी एक तपासा: कॅश चालू असो की बंद, उत्तर तेच आलं पाहिजे. बदललं तर बेंचमार्क (वेगाची मोजणी) सोडा, आधी बग शोधा.