टेरेट्रियस भुंगेरा

साठवणीतील मक्याचे दाणे पोखरणाऱ्या मोठ्या भुंगेऱ्याचा (प्रोस्टेफॅनस ट्रंकेटस) भक्षक कीटक. त्याचा समावेश कोलिऑप्टेरा गणाच्या हिस्टेरिडी कुलात होतो. मूलस्थान मेक्सिको व मध्य अमेरिका. लुइस यांनी १८९१ मध्ये त्याला टेरेट्रिओसोमा नायग्रेसेन्स असे नाव दिले. पुढे त्याचा समावेश टेरेट्रियस प्रजातीत केल्याने हल्ली टेरेट्रियस नायग्रेसेन्स हे नाव रूढ आहे. जुन्या लेखनात मात्र पहिलेच आढळते.

प्रौढ काळा, दंडगोलाकार, सु. २ ते २.५ मिमी. लांबीचा असतो. प्रौढ आणि अळी दोन्ही भक्षक असून भुंगेऱ्याने पोखरलेल्या बोगद्यांत शिरून ते त्याची अंडी व अळ्या खातात. बोगद्यात मावेल असाच त्याच्या शरीराचा घाट आहे. साठवणीतील धान्याची दुसरी कीड असलेल्या सोंड्यावर (सिटोफायलस) त्याचा प्रभाव बराच कमी पडतो.

भक्ष्याचा माग तो गंधावरून काढतो. दाणे पोखरणारा नर भुंगेरा स्वजातीयांना बोलावण्यासाठी समूहनगंध सोडतो आणि त्याच गंधाकडे टेरेट्रियसही येतो. १९८० नंतरच्या दशकात मेक्सिको व कोस्टा रिकात या गंधाचे सापळे लावले असता त्यांत हा भक्षक मोठ्या संख्येने सापडला. आफ्रिकेत या किडीच्या जैविक नियंत्रणासाठी त्याची निवड होण्यामागे हेच मुख्य कारण होते.

भक्ष्य कीड मुळात कोठली, यावर मतभेद आहेत. हॉर्न यांनी १८७८ मध्ये तिचे वर्णन केले. ती मक्याच्या लागवडीबरोबरच वाढली असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार ती लाकूड पोखरणारी असून मक्याकडे नंतर वळली. तिच्या बोस्ट्रिकिडी कुलातील बहुतेक जाती लाकडावर जगतात, ही कीडही वाळलेल्या फांद्यांत प्रजनन करते आणि मक्याच्या शेतांपासून दूर जंगलातल्या सापळ्यांतही ती सापडते. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. महाराष्ट्रात गहू-ज्वारीत आढळणारा, दाणे पोखरणारा लहान भुंगेरा (रायझोपर्था डॉमिनिका) याच कुलातला आहे.

ही कीड आफ्रिकेत बहुधा १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, आयात मक्याबरोबर आली असावी. टांझानियाच्या टबोरा भागातून १९८१ च्या सुमारास तिची नोंद झाली. पश्चिम आफ्रिकेत टोगोमधील प्रादुर्भाव त्यानंतर काही वर्षांनी लक्षात आला व तो स्वतंत्र आगमनातून झाल्याचे मानतात. टांझानियात घरगुती साठ्यातील कणसांचे वजन ३ ते ६ महिन्यांत ३४ टक्क्यांपर्यंत घटल्याचे आढळले. सरासरी घट पुष्कळच कमी होती. वाळवलेल्या कसाव्याचीही नासाडी होते.

टेरेट्रियस प्रथम टोगोमध्ये १९९१ मध्ये सोडण्यात आला. केन्या व बेनिन येथे १९९२ मध्ये. अनेक ठिकाणी तो स्थिरावला. फलिताविषयी मात्र एकमत नाही. टोगो-बेनिनच्या उष्ण, दमट पट्ट्यात सापळ्यांतील किडींची संख्या घटली, ती भक्षकामुळेच, असे एक मत. उलट मत असे की भक्षकाची वाढ किडीपेक्षा सावकाश होते, त्यामुळे एका साठवण-हंगामात कणगीतील कीड त्याच्याने आवरत नाही. ही दोन मते परस्परविरोधी दिसतात, पण मोजणीच्या जागा वेगळ्या आहेत: एक सापळ्यातील आकडे पाहते, दुसरे कणगीतील. किडीचा मोठा साठा रानातल्या वाळक्या लाकडात असतो आणि कणगीत ती तेथूनही येते. म्हणून भक्षकाचे खरे काम कणगीबाहेर, कीड कणगीत पोहोचण्यापूर्वीच घडत असावे. थंड डोंगराळ भागांत परिणाम कमी दिसला आहे.

एरवी टांझानियात कणसे सोलून दाण्यांना परमेथ्रिन व पिरिमिफॉस-मिथाइल यांची मिश्र भुकटी लावण्याची शिफारस होती. पिरिमिफॉस-मिथाइल सोंड्याला मारते, मात्र दाणे पोखरणाऱ्या मोठ्या भुंगेऱ्यासाठी परमेथ्रिन लागते.