चर्चिल ‘मग लढतोय कशासाठी?’ असं म्हणालेच नव्हते

अर्थसंकल्प जवळ आला की हा फॉरवर्ड हमखास फिरतो: दुसऱ्या महायुद्धात कुणीतरी सुचवलं, कलेचा निधी कापून सैन्याला द्या. ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल उत्तरले, ‘मग आपण लढतोय कशासाठी?’

वाक्य झकास आहे, पण त्यांच्या भाषणांत, पत्रांत, लेखनात ते कुठेच सापडत नाही.

मुळात युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनमध्ये कापण्याजोगा असा कलानिधी जवळजवळ नव्हताच! संग्रहालयांना पैसे मिळत. नाटक-संगीताला सरकारची नियमित मदत युद्धातच सुरू झाली. जानेवारी १९४० मध्ये संगीत आणि कलांना प्रोत्साहन देणारी ‘सेमा’ ही संस्था स्थापन झाली. आधी पिलग्रिम ट्रस्टची खासगी देणगी, मग तिच्या जोडीला सरकारी तिजोरी. आणि तेव्हा पंतप्रधान होते चेंबरलेन, चर्चिल नव्हे. पुढे अर्थतज्ज्ञ केन्स तिचे अध्यक्ष झाले आणि १९४६ मध्ये तिचंच आर्ट्स कौन्सिल झालं. पैसा सरकारचा, पण कुणाला द्यायचा हे मंत्र्यांनी नव्हे, कौन्सिलने ठरवायचं, ही त्यामागची रीत.

चर्चिलना कलेचं वावडं होतं असं मात्र नाही. ते स्वतः चित्रं काढत. युद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं कॅनडाला हलवण्याचा बेत त्यांनीच हाणून पाडला. चित्रं वेल्समधल्या दगडाच्या खाणीत दडवली गेली. फॉरवर्ड करायचंच तर हे करा की!